कार्डाची मागची बाजू

"हा त्यांनी तुझ्यासाठी ठेवला होता," म्हणत ओगलेकाकूंनी व्हिजिटिंग कार्डांचा जाडजूड अल्बम माझ्या हातात दिला. सरांना जाऊन तेरा दिवस झाले होते.

ओगलेसर माझे पहिले साहेब. ओळखी जपायला त्यांनीच शिकवलं. पुढे मी सगळ्या ओळखींचा कॉम्प्युटरवर तक्ता केला: कोण कुठे आहे, माझ्या बढतीसाठी कोण उपयोगी पडेल. सर निवृत्त झाले त्याच आठवड्यात मी त्यांचं नाव तक्त्याच्या तळाशी सरकवलं. त्यांचा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे सर, नंतर करतो," म्हणायचो. केला कधीच नाही.

तिथेच बसून अल्बम चाळला. प्रत्येक कार्डामागे सरांचं बारीक अक्षर होतं. 'चहा बिनसाखरेचा.' 'मुलगी बारावीला, जूनमध्ये निकाल विचारणे.' 'आईचं ऑपरेशन, भेटून येणे.'

माझं कार्ड पहिल्याच पानावर होतं, पहिल्या नोकरीतलं, कोपरे पिवळे पडलेलं. काढून उलटं केलं. तीन ओळी, तीन वेगवेगळ्या शायांत.

'हुशार आहे. पुढे जाईल.'

'बढती मिळाली, अभिनंदनाचा फोन करणे.'

'कामात असतो. आता फोन करून त्रास देऊ नये.'