कोणती चांगली

अकोल्याच्या आमच्या वाचनालयात दोन कादंबऱ्यांवर वाचकांच्या उड्या पडायच्या. दोन्ही तीन-तीन भागांच्या. एक जादूगारांच्या राज्याची, दुसरी चंद्रावर गेलेल्या माणसांची. कौशल्या नावाची एक मुलगी दोन्हींचे भाग आलटून पालटून न्यायची आणि पेन्सिलीनं समासात त्यांची तुलना लिहायची. पुस्तकात लिहायला मनाई होती. वाचनालयाची तपासणी व्हायची होती, म्हणून मी, ग्रंथपालानं, सहाही पुस्तकं खोडरबरानं साफ केली. काय लिहिलंय, ते वाचायलाही थांबलो नाही.

पुढे कौशल्या वारली; तिची तेरवी झाल्यावर तिचे वडील देवराव वाचनालयात आले.

"दोन्हीतली कोनती चांगली, थे शेवटच्या पानावर लिवलं म्हून सांगून गेली मले. मले वाचता येत नाही. तुमी वाचून दाखवा."

"मी पुसलं ते," मी म्हणालो.

ते सहाही पुस्तकं घेऊन बसले. एकेका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बोट फिरवत राहिले. एका पानावर थांबले.

"दाबून लिवे माही पोरगी. हे पाहा, हाताले लागते. वाचा."

मी ते पान खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं धरलं. अक्षर बोटाला लागत होतं. वाचता मलाही येत नव्हतं.