शेंगदाण्याचं वजन

खोक्यातल्या कापसात कौशल्याबाईंनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. शेंगदाणा गार पडला होता.

अकरा दिवस जगवला होता त्यांनी तो. धायरीच्या घराच्या गच्चीवर त्या बुटक्या जातीचे पांढरे ससे पाळत. बुटका नर आणि बुटकी मादी जोडली की वेतात एखादं पिल्लू नको तेवढं बारीक निघतं. डोकं मोठं, कान नावापुरते, सोललेल्या शेंगदाण्यासारखं. ते तीन-चार दिवसांवर टिकत नाही. ससेवाले त्याच्यापायी दूधही वाया घालवत नाहीत.

पण हे वेत झालं त्याच दिवशी सोनोग्राफीचा कागद घरी आला. सातव्या महिन्यातल्या दीपमालाचं बाळ पोटात वाढत नव्हतं. सून भिंतीकडे बघत बसलेली, मुलगा संतोष कागद उलटसुलट करतोय. कौशल्याबाईंना कागदातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सुतकी तोंडं बरोबर वाचता येत होती.

“तोंडं पाडू नका,” त्या म्हणाल्या. “हा शेंगदाणा मी जगवून दाखवते. हा जगला की माझं नातवंडही जगलं, असं समजा.”

शेजारच्या विमलाबाई हसल्या. “अहो, असलं पिल्लू कधी जगलंय का?”

“तुमच्या हाती दिलं तर नाहीच जगायचं. तुमच्याकडे निवडुंगसुद्धा वाळतो.”

भावंडं चिरडतील म्हणून वेगळं खोकं केलं. वर बल्ब लावला. ड्रॉपरने शेळीचं दूध सुरू केलं. पहिले दोन दिवस पिल्लू तोंडही उघडेना. तिसऱ्या दिवशी त्या सशांसाठी लसूणघास आणायला गेल्या, आणि परत येऊन बघतात तर काय, पिल्लू हाताला चांगलं जड लागलं. कानही जरा उठून दिसत होते. ड्रॉपर चुरुचुरु ओढायला लागलं.

“बघितलंस? शेळीच्या दुधाचा गुण!” त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं.

दीपमालाने नुसती मान हलवली. पण तेव्हापासून रोज सकाळी तिचा एकच प्रश्न. “आई, शेंगदाणा किती वाढला?”

कौशल्याबाई पिल्लू तळहातावर धरत, डोळे मिटत आणि ग्रॅम सांगत. “माझा हात म्हणजे सोनाराचा काटा. फसायचा नाही.”

आणि काल सकाळी दीपमालाला कळा सुरू झाल्या. दिवसभर दवाखाना. मुलगी झाली, तेराशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत ठेवली. त्या धावपळीत शेंगदाण्याला दूध पाजायचं राहिलं ते राहिलंच.

रडायलाही सवड नव्हती, डबा पोचवायचा होता. पिल्लू फडक्यात गुंडाळून त्या मोगऱ्याच्या कुंडीपाशी गेल्या. तिथली माती आधीच कुणीतरी उकरलेली. मेली मांजर, दुसरं कोण! त्यांनी कढीपत्त्याच्या कुंडीत खड्डा केला.

माती सारखी करताना त्यांना दीपमालाचा चेहरा दिसला. आज ती विचारणार, आणि आपण काय सांगणार?

त्या उठल्या आणि थोराडीच्या पिंजऱ्याकडे गेल्या. थोराडी ही मादी बुटकी म्हणून आणलेली, पण वाढली ती मांजराएवढी. गिऱ्हाईक काही तिला उचलेना. कौशल्याबाई ती कुणालातरी देऊनच टाकणार होत्या, पण दीपमालाने अडवलं. “आई, हिच्या वेतात शेंगदाणा निघत नाही. नीट बघा.” बघितलं तर खरंच होतं, पण कबूल कोण करणार! “थोराडाला थोराडाचा पुळका,” त्या म्हणाल्या होत्या. सून वारज्याची, उंचीने चौकटीला टेकणारी.

थोराडीची पिल्लं शेंगदाण्याहून एका दिवसाने लहान. सहा होती, आता पाच दिसली. त्यांनी पुन्हा मोजली. पाचच. कालपासून डोकंच ठिकाणावर नाही, सहा असतील कुठली! त्यातलं सगळ्यांत बारीक त्यांनी तळहातावर घेतलं.

“आजपासून तू शेंगदाणा,” त्या पुटपुटल्या. “आणि खबरदार मेलास तर.”

या वेळी खोकं नाही. पिल्लू त्यांनी आईपाशीच ठेवलं.

दवाखान्यात डबा उघडायच्या आधी दीपमालाने विचारलं, “आई, शेंगदाणा?”

“पाच ग्रॅम वाढला. आणि माझी नात?”

“वीस ग्रॅम कमी झाली.”

“होतं तसं सुरुवातीला. जेव तू. तू उपाशी राहिल्याने तिचं पोट भरत नाही.”

पुढे रोज हेच. शेंगदाणा दहा ग्रॅम, बाळ पंधरा. शेंगदाणा वीस, बाळ पंचवीस. नर्ससुद्धा शेंगदाण्याची चौकशी करू लागली. सहा आठवड्यांनी बाळ दोन किलोचं होऊन घरी आलं. कौशल्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

“आई, आधी शेंगदाणा दाखवा,” दीपमाला उंबऱ्यातूनच म्हणाली.

कौशल्याबाई तिला घेऊन जिना चढल्या. शेंगदाणा गच्चीवर लसूणघास खात बसला होता. आईवर गेलेला, खाशा अंगाचा, आपल्या वयाच्या बुटक्यांच्या दीडपट. ससे ओळखणारं पोरसुद्धा फसलं नसतं.

दीपमाला त्याच्याकडे बघत राहिली.

“तो नाही हा,” कौशल्याबाई अखेर बोलल्या. “तुझी प्रसूती झाली त्या दिवशी माझ्या हलगर्जीने गेला तो. उपाशी गेला. हा थोराडीचा आहे. खोटं बोलले मी तुझ्याशी, रोज. तुझा धीर सुटेल म्हणून.”

दीपमाला हळूच म्हणाली, “कुठे पुरलंत त्याला?”

“कढीपत्त्याच्या कुंडीत.”

दीपमालाने बाळ सासूच्या तळहातांवर ठेवलं.

“मग तो दुसरा, आई. पहिला तिसऱ्याच दिवशी गेला, तो मोगऱ्याच्या कुंडीत आहे.”