अखंड अंधार

रोपाचे पोषण करणे हे पुण्यकर्म होय. मात्र ते लोभापोटी होऊ लागले की पोसणाऱ्याचा विवेक उपाशी राहतो, आणि त्या उपासमारीचा पहिला आघात बहुधा सर्वांत जवळच्या माणसावर होतो.

सोलापुरात, घरातल्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या खोलीत, सयाजी विजेच्या दिव्यांखाली चोरून गांजा वाढवीत होता. मोजून घातलेल्या खतपाण्याने रोपे कमरेएवढी झाल्यावर तो त्यांना रोज सायंकाळपासून बारा तास अखंड अंधार देऊ लागला. त्याशिवाय फुले येत नाहीत. महिना लोटला, तरी कळी धरेना. एके सायंकाळी भरलेली झारी ठेवण्यास तो आत शिरला, तर आई निरांजन उजळून रोपांपुढे बसलेली. “आये, हितं दिवा?” “तू भाईर गेलास की रोज लावते. तिन्हीसांजंला घरात अंधार ठिवू नये.” “वाटोळं केलंस माझं!” त्याने झारी तिच्या मस्तकावर हाणली, पुन्हा हाणली. निरांजन विझले. काळोखात कण्हणे ऐकताच त्याने सगळे दिवे लावले, दार उघडून शेजाऱ्यांना हाका मारल्या. रक्ताळलेली आई पुटपुटली, “दार लाव रं, पोलीस गांजा बघतील.” त्याने लावले नाही.

त्या माउलीची जखम लवकर भरून येवो. आणि ज्या हाताने आघात केला, त्याच हाताला तिचे रक्त पुसण्याचे बळ व पुढे येणारी शिक्षा निमूटपणे स्वीकारण्याची बुद्धी लाभो.