भिंतीवरचा आकडा

भिंतीवरच्या पडद्यावर पुन्हा दोनचाच आकडा उमटला आणि डॉक्टर नाबर कुमुदिनीबाईंच्या मनगटावरचा वेदनापट्टा सोडू लागले.

"काकू, आकडा सातच्या खाली असला की पोटाची तपासणी होत नाही. उपवास कमी करा. सगळं मनाचं आहे."

"मन इथं असतं का हो?" बेंबीखाली मूठ दाबत बाई म्हणाल्या. वर्षभर तिथं कुणीतरी आतडी पिळत होतं. कळ आली की त्या जप धरत. आत्ताही पदराखाली माळ फिरत होती.

सुनेचं, मृण्मयीचं, तिकडे लक्ष गेलं. "डॉक्टर, पट्टा राहू द्या जरा. आई, हा पट्टा नाडी आणि श्वास मोजतो. जप केला की दोन्ही शांत होतात तुमचे. घडीभर थांबवा ना."

"माळ अर्ध्यात सोडू? नेम आहे माझा."

"पाया पडते, आई."

बाईंनी डोळे मिटले आणि जप सोडला. श्वास तुटला. आकडा नऊवर चढला, पडदा लाल झाला. डॉक्टर इंजेक्शन घेऊन धावले. "अहो काकू, आधी सांगायचं नाही का?"

"मग वर्षभर काय आरती म्हणत होते?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "माझा नेम मोडल्यावर दिसलं होय तुम्हाला?"

त्यांनी पहिल्या मण्यापासून माळ पुन्हा धरली. कळ तशीच होती, पण आकडा उतरत दोनवर आला. डॉक्टरांचा हात हवेतच थांबला.

"झाले का बरी मी?" मण्यावर अंगठा रोवून कुमुदिनीबाई म्हणाल्या. "भिंतीकडे काय बघताय? इकडे बघा."