आबांची मिठी

"बाळ, दार उघड. एकदा जवळ घेऊ दे," जाळीच्या दारापलीकडून आबा म्हणाले, तेव्हा शर्वाणी दोन पावलं मागे सरली. तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून वडील तिच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. लहानपणीही त्यांचा हात तिला लागायचा तो मारण्यापुरताच.

त्या उन्हाळ्यात इचलकरंजीत घामातून पसरणारा जंत आला होता. तो मेंदूत शिरला की माणसाला मिठ्या मारायचं वेड लागायचं आणि प्रत्येक मिठीबरोबर जंत पुढच्याच्या अंगात जायचा. कुणी प्रेमाने जवळ येऊ लागलं की लोक घाईघाईने दाराला कडी लावत.

"चुकलो गं मी. फार छळलं तुला." आबा हुंदके देऊ लागले. जाळीतून त्यांची बोटं आत आली.

हे ऐकायला ती जन्मभर आसुसली होती. तिने हात पुढे केला, अर्ध्यावरच आवरला आणि आरोग्य पथकाला फोन लावला.

औषधाने आबा बरे झाले. शर्वाणी मोठ्या आशेने दवाखान्यात गेली आणि जेवणाचा डबा तिने त्यांच्या उशाशी ठेवला. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी रडलो म्हणे तुझ्या दारात," ते गुरगुरले. "तो किडा बोलत होता, मी नाही. चालती हो."

शर्वाणीने डबा परत उचलला.

"आबा, तुमच्यात माणूस म्हणावा असा तेवढा किडाच होता," ती म्हणाली आणि मागे न बघता बाहेर पडली.