शंभर ओळींची शिक्षा

टिकली नंबर एकची थापाडी. आमची आत्या रोज सकाळी दाढी करते, असं तिने शेजारच्या काकूंना सांगितलं. आत्याने तिला कान धरून जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि 'मी यापुढे खोटं बोलणार नाही' हे शंभर वेळा लिहायला लावलं. त्रेसष्टावी ओळ झाली आणि जमीन हलायला लागली. टिकलीने आत्याचा हात धरून तिला टेबलाखाली ओढलं, तेवढ्यात छत खाली आलं.

अंधारात आत्याने गळा काढला. "संपलं गं सगळं!"

"गप गं आत्या. माणसं आलीयेत, खणतायत. मला ऐकू येतंय."

"मग मला कसं नाही येत?"

"तुझे कान म्हातारे झालेत."

तासाभराने आत्याने पुन्हा सूर लावला, तेव्हा टिकलीला कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. मग क्रेन आली.

"तुला कुठे लागलं नाही ना?" आत्याने विचारलं.

"छे! मस्त पाय पसरून बसलेय."

संध्याकाळी एकदाचा उजेड दिसला. आत्या वर येताच बचाव पथकावर खेकसली, "सकाळपासून खणताय, इतका वेळ?"

"सकाळपासून? अहो, आम्ही आत्ताच पोचलोय."

मग त्यांनी टिकलीच्या पायावरची तुळई उचलली. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

"कार्टे! खोटं बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"अजून सदतीस ओळी राहिल्यात," टिकली म्हणाली, आणि मग कुठे तिने भोकाड पसरलं.