वहिनीची विहीर

“आजी, उठा बरं. पंप अजून कोरडा आहे, मी मात्र घामानं निथळतोय,” पंपवाला म्हणाला.

म्हातारी विहिरीच्या कठड्यावरून तसूभर हलली नाही. “पाण्याला हात लावायचा नाही. वहिनी आत आहे. तिला आत राहू दे.”

फाटकाशी जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. इतकी वर्षं जे पाठीमागं कुजबुजलं जायचं, ते आज बाईच्याच तोंडून बाहेर पडलं होतं.

मागे ओसाड बंगला उभा होता. छपरातून झाड उगवलेलं, काचा गेलेल्या. याच घरात मालकांनी एके काळी चांदण्यासारखी बायको आणली होती. एका पहाटे कठड्यावर तिची चप्पल सापडली, आणि शेजारी बसलेली नणंद. नणंद ना हो म्हणाली, ना नाही. गळ टाकून पाहिले, पण विहीर पाताळाला टेकलेली, झरे जिवंत. उपसायला तेव्हा यंत्र कुठलं? पुराव्याविना पोलीस परत गेले. मालक दुःखानं परगावी निघून गेले. नणंद मात्र मागच्या खोलीत एकटी राहिली. गल्लीतल्या पोरांनी गाणंच जुळवलं:

नणंद निघाली पाण्याला, भावजय तिच्या संग,
एकच आली माघारी, पाण्यावर उठले तरंग.

आता मालक परतले होते. केस पिकलेले, हातात काठी. दुसरं लग्न केलं नव्हतं. “डोळे मिटण्याआधी तिची हाडं तरी हातात घेऊ द्या,” ते म्हणाले, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या हवालदारालाही गलबलून आलं.

पंप बांधायला तार शोधत बंगल्यात गेलेला पंपवाला डोकं खाजवत आला. “वरच्या खोलीला कडी बाहेरून कशी हो? आतलं माणूस चोरीला जाईल म्हणून?”

सगळ्यांच्या नजरा म्हातारीकडे वळल्या.

“वारा फार यायचा,” ती म्हणाली.

“ऐका! वाऱ्याला कडी!” शेजारीण फणकारली. “पाप पोटात मावेनासं झालं, की माणूस असं बरळतं.”

मालकांनी डोळे पुसले. “छकुली, झालं ते झालं. मी तुला कधीच माफ केलंय. ऊठ.”

“नाही, दादा.”

“आता कुणाची भीती?”

तिनं कठडा आणखी घट्ट धरला. शेवटी हवालदारानं आणि शेजारणीनं तिला उचललं. काडीसारखी बाई, पण दगडाला अशी चिकटली होती की बोटं सोलवटून निघाली.

पंप सुरू झाला. पाणी बागेतून, पायऱ्यांवरून, फाटकाबाहेर वाहत गेलं. म्हातारी प्रत्येक लोंढ्याकडे बघत होती, आपलंच माणूस घर सोडून निघाल्यासारखं.

ऊन कलायच्या आत तळ दिसला. पंपवाला दोर धरून उतरला. फावडं वाजत राहिलं. गाळाच्या बादल्या वर येत राहिल्या. मग खालून आवाज घुमला, “खडक लागला! फुटकी घागर आहे, एक कुलूप आहे. हाडूक म्हणाल तर उंदराचंही नाही!”

शेजारीण धावत आली. “बाई गं, जीभ झडो आमची! काय काय बोललो आम्ही तुला!” कुणी पाण्याचा पेला पुढे केला. कुणी पाया पडलं.

हवालदारानं टोपी काढली. “आजी, सुटलात तुम्ही.”

म्हातारीनं पेला घेतला नाही. ती भावाकडे बघत होती.

मालकांचे डोळे कोरडे झाले होते. ते सावकाश आले, वाकले, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं आत रुतली. आवाज अगदी मऊ होता, तिच्यापुरताच.

“म्हणजे माझ्या तावडीतून निसटली. कुठे आहे ती, छकुली?”

म्हातारीनं खांदा सोडवून घेतला. ती उठली, हवालदारासमोर गेली आणि सोललेले दोन्ही हात पुढे करून, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गाळ नीट बघा. मी ढकललंय तिला, या हातांनी.”